त्याची एसटी त्याचीच राहू द्या

प्रश्न: ताई, नमस्कार. मी कराडला राहते. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, इंग्लिश मीडियमला चौथीत. शाळा त्याला पहिलीपासूनच फारशी आवडत नाही पण यावर्षी जास्तच झालंय, रोज सकाळी पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. इंग्लिशचं रीडिंग जमत नाही, गणितात मागे आहे, मॅडम म्हणतात लक्ष नसतं, दोनदा वर्गाबाहेर उभा केला. घरी आला की फक्त एसटी एसटी. कुठली गाडी कुठल्या डेपोची, किती वाजता सुटते, कुठून जाते सगळं तोंडपाठ. वह्यांच्या मागच्या पानांवर गाड्यांची चित्रं, मोबाईलवर पण बसचाच गेम. परवा मला विचारलं की आपल्या कराडच्या गाड्यांचा नंबर एमएच ५० असतो, मग स्टँडवरच्या लालपरीवर १४ नाहीतर २० नाहीतर ४० च का असतो? मला नाही सांगता आलं. वर्गात विचारलं तर सगळे हसले म्हणे. मी होमस्कूलिंग, अनस्कूलिंगबद्दल वाचलं, मुलांना त्यांच्या आवडीतून शिकू द्यायचं, ते मनाला पटतं पण भीती वाटते. मी घरी शिवणकाम करते, बारावी झालेय, मिस्टर पतसंस्थेत आहेत, ते म्हणतात तू ठरव. सासूबाई म्हणतात पोरगं वाया जाईल, कंडक्टर होणार का मोठा होऊन. हे कायद्यात बसतं का? दहावीचं काय? आणि खरंच एसटीतून सगळं शिकता येतं का?
– एक आई, कराड

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या नंबरच्या प्रश्नापाशी थांबले, म्हणून आधी तेच घेते, शाळेचं नंतर बघू.

त्याचं निरीक्षण बरोबर आहे. एसटी महामंडळ आपल्या गाड्यांच्या बॉड्या वर्षानुवर्षं स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बांधत आलंय आणि अशी मोठी वर्कशॉप तीन ठिकाणी आहेत, पुण्याजवळ दापोडीला, औरंगाबादला म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात आणि नागपूरला हिंगण्याला. गाडी जिथे बांधून तयार होते तिथेच तिचं पासिंग होतं, त्यामुळे दापोडीच्या गाडीला १४, चिकलठाण्याच्या गाडीला २० आणि हिंगण्याच्या गाडीला ४०. मग ती पुढे कराडला धावो नाहीतर गडचिरोलीला. भाड्याच्या आणि नव्या इलेक्ट्रिक गाड्यांचे नंबर वेगळे असतात, तेही त्याने टिपलं असेलच.

आता बघा नऊ वर्षांच्या मुलाने काय केलंय. शेकडो गाड्यांचे नंबर बघितले, त्यात ठराविक तीनच आकडे येतात हे कुणी न सांगता ओळखलं, आपल्या आरटीओचा नंबर ५० आहे हे त्याला माहीत होतं, तो इथे बसत नाही हे लक्षात आलं आणि मग त्याने ‘का’ विचारलं. लक्ष नसलेल्या मुलाचं हे काम नाही हो. ह्या मुलाचं लक्ष इतकं आहे की मोठी माणसं रोज त्याच स्टँडवरून जातात आणि त्यांना हे आयुष्यात दिसत नाही. मी स्वतः एसटीने किती फिरले असेन पण मला हे कळलं ते एका डेपोतल्या मेकॅनिकने सांगितलं तेव्हा.

पण एक विनंती, हे उत्तर त्याला लगेच सांगून टाकू नका. त्याला घेऊन डेपोत जा, दुपारच्या वेळी जरा निवांत असतं तेव्हा, आणि तिथल्या कुणा जुन्या मेकॅनिकला नाहीतर कंट्रोलरना त्यालाच विचारू द्या. लाजेल, तुमच्या मागे लपेल, तरी चालेल, थांबा. ज्या प्रश्नाला वर्ग हसला त्याच प्रश्नाला खाकी कपड्यातला माणूस ‘अरे वा, तुला कसं कळलं’ म्हणाला तर त्या पोराचं काय होईल याचा विचार करा. शाळा सोडा न सोडा, हे या आठवड्यातच करा.

आता दुसरी गोष्ट, तुम्ही लिहिलंय रीडिंग जमत नाही. पण गाडीवरचा बोर्ड तो लांबून वाचतो ना? ‘कराड चिपळूण मार्गे पाटण कोयनानगर’ असे बोर्ड, कधी रंग उडालेले, गाडी फलाटावर लागायच्या आत वाचायचे असतात. म्हणजे मुलाला वाचता येतंय, चांगलं येतंय, मराठीत. जमत नाही ते इंग्रजी. ह्या दोन गोष्टींत जमीन अस्मानाचा फरक आहे आणि शाळेत कुणी तो बघितलेला दिसत नाही. घरात मराठी, गल्लीत मराठी, स्टँडवर मराठी आणि पर्यावरणाचा धडा इंग्रजीत घोकायचा, मग ज्या पोराला कोयनेच्या धरणाकडे जाणारी प्रत्येक गाडी माहीत आहे त्याला ‘डॅम’वरचं उत्तर लिहिता येत नाही आणि त्याला ‘मागे’ म्हणतात. मला खूप वाईट वाटलं हे वाचून.

त्यामुळे होमस्कूलिंगचा विचार करायच्या आधी मी तुम्हाला एक अवघड प्रश्न विचारते. तुमचा मुलगा शाळेपासून पळतोय, की ह्या शाळेपासून पळतोय? रविवारी न दुखणारं पोट खोटं नसतं, त्याला खरंच दुखतं, पण ते कशाने दुखतं हे शोधायला पाहिजे. मॅडमना भेटा, मिस्टरांना घेऊन भेटा, वर्गाबाहेर उभं करण्याबद्दल शांतपणे पण स्पष्ट बोला, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे आणि सगळ्यांसमोर हसं होऊ देणं हेही काही लहान नाही. डोळे तपासून घ्या, कान तपासून घ्या. अक्षरं उलटसुलट लिहितो का, आकडे फिरवतो का तेही बघा, तसं वाटलं तर लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी होते, मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये त्याची चौकशी करा. यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट कळलं तर पुढे दहावीला सवलतीही मिळतात. आणि जवळच्या एखाद्या मराठी शाळेत, जिल्हा परिषदेची असली तरी, एक दिवस जाऊन बसा, गुरुजी नाहीतर बाई मुलांशी कशा बोलतात ते ऐका. सातारा जिल्ह्यात जीव ओतून शिकवणारे शिक्षक आहेत. कदाचित तुमचा प्रश्न तिथेच सुटेल आणि कदाचित नाही सुटणार, पण हे न बघता शाळा सोडवलीत तर सहा महिन्यांनी मनात राहील की आधी ते करून बघायला हवं होतं.

हे सगळं करूनही तुम्हाला वाटलं की नाही, घरीच, तर मग पुढचं वाचा. मी माझ्या मुलीला तिसरीनंतर शाळेतून काढलं आणि दहावीपर्यंत ती घरीच होती, त्यामुळे जे सांगतेय ते करून सांगतेय.

होमस्कूलिंग म्हणजे शाळेचं काम घरी, पुस्तकं असतात, थोडंफार वेळापत्रक असतं, आई किंवा बाबा शिकवतात. अनस्कूलिंग हा शब्द अमेरिकेतल्या जॉन होल्ट नावाच्या शिक्षकाने रूढ केला, तो आधी बरीच वर्षं पाचवीच्या वर्गांना शिकवत होता आणि वर्गात हुशार मुलंसुद्धा उत्तर चुकेल या भीतीने विचार करणंच सोडून देतात हे त्याला दिसत होतं. १९७७ मध्ये त्याने शाळेबाहेर शिकणाऱ्या कुटुंबांसाठी एक नियतकालिकच सुरू केलं. त्याचं म्हणणं साधं होतं, मूल बोलायला शिकतं, चालायला शिकतं ते कुणी तास घेऊन शिकवत नाही, तेच पुढेही चालू शकतं जर मोठी माणसं मधे मधे आली नाहीत आणि सोबत राहिली तर. सोबत राहिली तर, हे लक्षात घ्या, कारण पुष्कळ लोक फक्त ‘मधे येऊ नका’ एवढंच ऐकतात.

आणि हे सगळं परदेशी आहे असंही समजू नका. आपल्याकडे डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मुलं शाळेत येऊच शकत नाहीत, ती गुरं राखायला जातात. मग त्यांनी कुरणशाळा काढली. गुरं चरतायत तिथे शिक्षक जायचा आणि दगड, पानं, झाडं, ओढा यांतूनच शिकणं व्हायचं. मूल जिथे आहे तिथे शाळा गेली. तुमचा मुलगा स्टँडवर आहे, एवढाच फरक.

आता तुमचा खरा प्रश्न, एसटीतून सगळं शिकता येतं का. नाही येत. सगळं कशातूनच येत नाही, शाळेतूनही नाही. पण किती येतं ते बघा म्हणजे तुमची भीती थोडी कमी होईल. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. कराड ते सातारा पन्नास किलोमीटरच्या आसपास, म्हणजे किती टप्पे? भागाकार आला, बाकी उरली, मग उरलेल्या अर्धवट टप्प्याचे पैसे पूर्ण लागतात की नाही हा प्रश्न आपोआप उभा राहतो आणि तो प्रश्न पुस्तकात बाकी शून्य येणाऱ्या गणितात कधीच उभा राहत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं, पंचाहत्तर वर्षांपुढच्यांना फुकट, म्हणजे अपूर्णांक आणि टक्के. कुंभार्ली घाटात गाडी हळू का चालते आणि कुठल्या गिअरमध्ये, उतारावर ब्रेक असताना इंजिनाने का धरतात, हे विज्ञान आहे. पहिली एसटी धावली १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर. मराठवाड्यात मात्र त्याच्याही आधी, १९३२ पासून निजामाच्या राज्याची बससेवा होती, विदर्भाची आणखी वेगळी, आणि १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर १९६१ मध्ये हे सगळं एका महामंडळात आलं. म्हणजे महाराष्ट्र कसा जुळला हे एसटीच्या गोष्टीत सगळं आहे, आणि ज्यांच्या काळात हे झालं त्या यशवंतरावांची समाधी तुमच्याच गावात प्रीतिसंगमावर आहे, तिथे तो दहा वेळा खेळून आला असेल.

हे लिहिताना मलाच उत्साह येतोय आणि नेमकी इथेच मी तुम्हाला सावध करते, कारण मी इथेच मोठी चूक केली होती.

माझ्या मुलीला मुंग्यांचं वेड होतं. गॅलरीतल्या कुंडीमागून एक रांग जायची, ती तासन्‌तास पालथी पडून बघायची, साखरेचा दाणा ठेवायची, वाटेत पाण्याची रेघ ओढायची, परत बघायची. मला वाटलं वा, आता ह्यातूनच सगळं शिकवू. मी चार्ट केला, मुंगीच्या अवयवांची इंग्रजी नावं लिहिली, ‘एका रांगेत पन्नास मुंग्या तर सात रांगांत किती’ अशी गणितं काढली, निरीक्षण वही केली आणि रोज संध्याकाळी ती तपासायला लागले. तिसऱ्या आठवड्यात ती गॅलरीत जायची थांबली. मी विचारलं काय झालं गं, तर म्हणाली, “आई, तुझ्या मुंग्या मला नकोत.” तुझ्या. तिच्या मुंग्या मी घेऊन टाकल्या होत्या. शाळा सोडून आम्ही घरी आलो होतो आणि मी गॅलरीत शाळा भरवली होती. मुंग्या परत तिच्या व्हायला पुढचा पावसाळा यावा लागला, आणि त्या काळात मी काही केलं नाही, फक्त कुंडी हलवली नाही.

म्हणून ताई, तुमच्या मुलाची एसटी ही गणित पाजायची गोळी करू नका. मूल लगेच ओळखतं. टप्प्याचं मी वर लिहिलं ते तुम्हाला धीर यावा म्हणून, तुम्ही उद्या सकाळी वही घेऊन बसावं म्हणून नाही. तुम्ही करायचं ते इतकंच की गोष्टी हाताशी ठेवायच्या. महाराष्ट्राचा मोठा रस्त्यांचा नकाशा भिंतीवर लावा, काही बोलू नका. जुनी तिकिटं फेकू नका, डब्यात टाका. स्टँडवरचं वेळापत्रक तो उतरवून घेणार असेल तर तासभर बाकावर बसून राहायची तयारी ठेवा, सोबत काजं-बटणाचं काम घेऊन जा हवं तर. तो विचारेल तेव्हा माहीत असेल ते सांगा, नसेल तर ‘चल विचारू’ म्हणा. त्याला कंडक्टरचं तिकिटाचं मशीन कसं चालतं हे बघायचं असेल, मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर रात्री झोपतात कुठे हे विचारायचं असेल, ते विचारू द्या, त्यातून माणसं कळतात. आणि सहा महिन्यांनी त्याने एसटी सोडून दिली आणि कबुतरं धरली तर नकाशा काढून रडत बसू नका, तेही ठीक आहे.

गेमचं म्हणाल तर तो जो बसचा गेम खेळतो त्यात बहुतेक एसटीचे रंग चढवलेल्या गाड्या असतील, ही पोरं स्वतः तसे रंग करून एकमेकांना देतात. ते करणं आणि नुसतं तास न्‌ तास चालवत बसणं यात फरक करा. घरी मूल दिवसभर असेल आणि तुम्ही मशीनवर असाल तर मोबाईल हाच त्याचा शाळामास्तर होईल, ही भीती मला शाळा सुटण्याच्या भीतीपेक्षा जास्त वाटते. वेळ ठरवा आणि तो पाळा, ह्यात आवडीचं कारण चालवून घेऊ नका.

तुमचा वेळ हा खरा प्रश्न आहे आणि त्याबद्दल कुणी मोकळं बोलत नाही. अनस्कूलिंगचे जे सुंदर फोटो तुम्ही बघितले असतील त्यात आई कायम मोकळी असते. तुम्ही मोकळ्या नाही, सणाच्या, लग्नसराईच्या दिवसांत तुमच्याकडे ब्लाऊजचा ढीग असणार. मूल शाळेत जातं ते सहा तास तुमच्या कामाचे आहेत आणि त्या कामाचे पैसे घराला लागतात. मिस्टर ‘तू ठरव’ म्हणतात ते चांगलंच आहे पण त्याचा अर्थ ‘तूच कर’ असा होणार असेल तर आत्ताच बोलून घ्या. आठवड्यातून एक पूर्ण दिवस आणि रोज संध्याकाळचा तास त्यांचा, हे ठरल्याशिवाय पाऊल टाकू नका. आमच्याकडे ते ठरलं नव्हतं, पहिल्या वर्षी मी आजारी पडेपर्यंत ओढलं.

आणि सुरुवातीचे महिने रिकामे जातात हे आधीच सांगून ठेवते. शाळा सोडलेलं मूल पहिल्या दिवशी उठून विज्ञानाचे प्रयोग करत नाही, ते लोळतं. उशिरा उठतं, कंटाळा आला म्हणतं, काही विचारलं की चिडतं. होमस्कूलिंगवाल्या घरांत म्हणतात की जितकी वर्षं शाळा तितके महिने शाळा अंगातून उतरायला लागतात, हा काही नियम नाही पण माझ्या अनुभवाला जुळतो. ह्याच काळात नातेवाईक येतात आणि ‘आज काय शिकलास’ विचारतात, बाहेर अकरा वाजता गल्ली ओस पडलेली असते आणि त्याच्याबरोबर खेळायला कुणी नसतं. पुण्या-मुंबईत अशी कुटुंबं एकमेकांना भेटतात, सहली काढतात, ‘स्वशिक्षण’ नावाची देशभरातल्या होमस्कूलर्सची संघटनाही आहे, पण कराडमध्ये तुम्ही बहुधा एकट्याच असाल. मित्र हवेत त्याला. संध्याकाळचं मैदान, तालीम, पोहणं, काहीतरी रोजचं असायलाच पाहिजे, त्यात तडजोड नको.

कायद्याचं सरळ सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकवण्याची वेगळी परवानगी देणारं कलमही त्यात नाही. म्हणजे खूप कुटुंबं हे करतात, पण ‘कायद्याने मान्य आहे’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेला शिक्षक दारात येऊ शकतात, त्यांच्याशी भांडू नका, त्यांचं ते काम आहे, आणि ज्या मुलांसाठी ते फिरतात, ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या, त्यांना त्याची फार गरज आहे. मूल काय काय करतं ते दाखवता येईल असं एक फाईल ठेवा, चित्रं, तारखा, फोटो. शाळेचा दाखला व्यवस्थित घेऊन जपून ठेवा. परत शाळेत जावंसं वाटलं तर कलम ४ प्रमाणे वयाला योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो, दार बंद होत नाही. हे त्यालाही सांगून ठेवा.

दहावीसाठी एनआयओएस आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, केंद्र सरकारची, १९८९ पासूनची. दहावीला वय चौदा पूर्ण लागतं, पाच विषय, त्यात भाषा एक तरी हवी, बाकी विषय बऱ्यापैकी आपल्या मनाने निवडता येतात, चित्रकला, गृहविज्ञान असलेही आहेत. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी असतात, म्हणजे एकेक दोन-दोन विषय करून सोडवता येतात. माझ्या मुलीने तसंच केलं, दीड वर्षात. राज्य बोर्डाची दहावी बाहेरून द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो कराडमध्ये कुठल्याही हायस्कूलच्या क्लार्कना विचारलात तर माहिती देतील. पण हे लक्षात ठेवा की बीजगणित आणि इंग्रजी एसटीतून पूर्ण येणार नाही. तेरा-चौदाव्या वर्षी तो स्वतः ‘मला परीक्षा द्यायचीय’ म्हणेल तेव्हा ते रीतसर शिकावं लागेल, कुणाकडून तरी, रोज बसून. आपलं आपल्याला करायचं असलं की मुलं ते पटकन करतात हे मी पाहिलंय, तरी तोपर्यंत हिशोब आणि वाचन रोजच्या आयुष्यातून सुटता कामा नये.

तुम्ही वाचलं असेल की २०१६ मध्ये मुंबईची एक शाळा सोडलेली मुलगी प्रोग्रामिंग ऑलिंपियाडच्या मेडल्सवर अमेरिकेत एमआयटीला गेली. खरं आहे ते, अभिमानाचं आहे. पण त्याच मुलीला बारावीचं सर्टिफिकेट नाही म्हणून आपल्या आयआयटीत जागा नव्हती, हेही तेव्हा छापून आलं होतं. तिचं उदाहरण समोर ठेवून निर्णय घेऊ नका. त्यापेक्षा मला दुसरं एक उदाहरण जास्त विचार करायला लावतं, गांधीजींचं. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी मुलांना शाळेत न घालता स्वतः शिकवायचं ठरवलं, आश्रमाच्या कामात तो वेळ पुरला नाही, आणि थोरले हरिलाल यांच्या मनात आपल्याला शिकू दिलं नाही हा सल आयुष्यभर राहिला. गांधीजींनी स्वतः मान्य केलंय की मुलांची ही तक्रार होती. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरात हे झालं, कारण तो निर्णय बापाच्या तत्त्वाचा होता, मुलाने मागितलेला नव्हता. म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये मुलाला विचारा, शाळेत जायचंय का, आणि तो हो म्हणाला तर तुमचं मन कितीही मोडलं तरी पाठवा. माझ्या मुलीने अकरावीला कॉलेज मागितलं, मी दोन दिवस जेवले नाही नीट, पण ती गेली आणि खूश होती.

मग आत्ता काय करायचं, तर लगेच काढू नका. चौथीचं वर्ष पूर्ण होऊ द्या, फक्त पोटदुखीच्या दिवशी जबरदस्तीने ढकलू नका आणि घरी ट्यूशन-होमवर्कचा धोशा थांबवा. दिवाळीपर्यंत डोळे, कान, मॅडम, मराठी शाळा हे सगळं उरका. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी असताना स्वतःकडे बघा, पंधरा दिवस त्याच्या मागे मागे न करता, न ओरडता तुम्हाला राहता येतं का. एप्रिलमध्ये तिघांनी बसून ठरवा. मराठी शाळा आणि घरी मनसोक्त एसटी, हाही पूर्ण मानाचा रस्ता आहे, त्याला कमी समजू नका. पुढे आठवीनंतर हाताने शिकायची गोडी टिकली तर पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला, तिथे वेल्डिंग, शेती, इलेक्ट्रिकलचं काम करत करत शिकवतात, एकदा दाखवून आणा.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यावर रागावू नका, नातवाची काळजी आहे म्हणून बोलतात. कंडक्टर होणं वाईट का, हे मात्र त्यांना एकदा प्रेमाने विचारा, रात्री अपरात्री डोंगरातल्या वस्तीवर जाऊन सकाळी पहिल्या गाडीने कॉलेजच्या पोरी आणि दुधाचे कॅन घेऊन येणारा माणूस आहे तो. आणि त्यापेक्षा सोपं म्हणजे त्यांना घेऊन एक दिवस तिघंही एसटीने पाटणला जाऊन या. गाडी त्याला निवडू द्या, तिकीट त्याला काढू द्या. त्याचं अर्धं, तुमचं अर्धं, आजींना पंचाहत्तर पूर्ण असतील तर फुकट आणि नसतील तर त्यांचंही अर्धंच, किती झाले ते कंडक्टरने सांगायच्या आत तो सांगतो का बघा, पण विचारू नका. आजींना खिडकीशी बसवा आणि त्याला त्यांच्या शेजारी. तुम्ही मागच्या सीटवर बसा आणि तो आजींना काय काय सांगतो ते नुसतं ऐका. परतीची शेवटची गाडी कितीची आहे याची चौकशी करायला लागणार नाही, त्याला माहीत असेल.